झाकलेलं पिस्तूल आणि दीड सेकंद

माझा भाचा अमेरिकेत, टेक्सास राज्यातल्या ह्यूस्टनला असतो. ग्रीन कार्ड हातात पडल्यावर महिन्याभराने त्याने व्हॉट्सॲपवर एक जुना सीसीटीव्ही व्हिडिओ पाठवला. जानेवारी २०२३ मधला, त्याच्याच शहरातला. मेक्सिकन खाण्याच्या एका छोट्या हॉटेलात तोंड झाकलेला माणूस शिरतो, हातात पिस्तूल. गिऱ्हाइकं टेबलाखाली सरकतात, पाकिटं पुढे करतात. तो एकेकाचे पैसे गोळा करत दाराकडे वळतो, आणि कोपऱ्यातल्या बाकावर बसलेला एक गिऱ्हाईक कमरेचं पिस्तूल काढून त्याच्यावर गोळ्या झाडतो. एकूण नऊ. लुटारू जागीच मरतो. मग तो गिऱ्हाईक लुटलेले पैसे उचलतो, लोकांना परत करतो आणि निघून जातो.

खाली भाच्याचा मेसेज: "मामा, काम झालं की नाही? मीपण घेऊ का एक?"

टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या माणसाला, कायद्याने त्याच्यावर बंदी नसेल तर, कपड्यांखाली पिस्तूल बाळगायला परवाना लागत नाही. अमेरिकेतल्या निम्म्याहून जास्त राज्यांत आता असाच नियम आहे. न्यूयॉर्कसारख्या राज्यात १९१३ पासून "तुम्हाला पिस्तुलाची खास गरज का आहे ते सांगा" अशी अट होती, तीही सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये काढून टाकली. तेव्हा बाळगता येतं का, हा प्रश्न तिथे बराचसा मिटलेला आहे. बाळगून उपयोग होतो का, हा मिटलेला नाही. भाच्याला उत्तर द्यायचं म्हणून मी वाचत गेलो, त्यातलं सोपं करून इथे मांडतो.

आधी वाटमारी कशी होते ते बघू. आपल्या डोक्यात सिनेमातलं दृश्य असतं: समोरासमोर दोघं, मध्ये रस्ता, आणि कोण आधी काढतो याची स्पर्धा. खरी वाटमारी तशी नसते. लुटारू सावज आधी हेरतो. जागा त्याची, वेळ त्याची, बाजू त्याची. तुम्ही गाडीची किल्ली शोधत असता, फोनमध्ये बघत असता, एटीएमकडे पाठ करून नोटा मोजत असता. आपल्याकडे मंगळसूत्र खेचून मोटरसायकल निघून गेल्यावर बाईचा हात गळ्याकडे जातो, तोच प्रकार.

१९९० च्या दशकात सेंट लुईस शहरात गुन्हेशास्त्राच्या दोन अभ्यासकांनी ८६ लुटारूंच्या मुलाखती घेतल्या होत्या. तुरुंगातल्या नव्हेत, बाहेर मोकळे फिरणाऱ्या आणि अजून धंदा चालू असलेल्या. त्यातून एक गोष्ट लख्ख दिसली. या लोकांचं खरं कसब गोळी झाडण्यात नसतं. पहिल्या दोन-तीन सेकंदांत समोरच्याला "आता आपण मरणार" असं पक्कं वाटायला लावायचं, त्याला विचार करायला उसंत द्यायची नाही, आणि माल हातात आला की नाहीसं व्हायचं. म्हणजे विचाराला लागणारा वेळ चोरणं हेच त्यांचं मुख्य काम. पाकीट त्यानंतर.

आता यात कपड्याखालचं पिस्तूल बसवून बघा.

ते बाहेर काढायचं म्हणजे काय करावं लागतं? एका हाताने शर्ट किंवा जॅकेट वर ओढायचं, दुसऱ्याने होल्स्टरमधली (कमरेच्या म्यानातली) मूठ नीट पकडायची, पिस्तूल वर काढून समोर आणायचं, नेम धरायचा, चाप ओढायचा. रोज सराव करणाऱ्याला हे दीड सेकंदाच्या आसपास जमतं. महिन्यातून एकदा रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाला, जाणाऱ्याला दोन-तीन सेकंद लागतात, आणि ते उजेडात, कोणी अंगावर ओरडत नसताना. हिवाळ्यात जाड कोटाची चेन लावलेली असेल तर विचारूच नका.

सॉल्ट लेक सिटीच्या पोलीस दलात डेनिस ट्युलर नावाचे प्रशिक्षक होते. चाकू घेतलेला माणूस किती लांब असेपर्यंत धोकादायक, असा प्रश्न त्यांना पडला. त्यांनी माणसांना पळवून घड्याळ लावलं. २१ फूट अंतर साधारण माणूस दीड सेकंदात कापतो. एका सरावलेल्या पोलिसाला होल्स्टरमधून पिस्तूल काढून नेमक्या गोळ्या झाडायलाही तेवढाच वेळ लागतो. १९८३ मध्ये त्यांनी हे एका मासिकात लिहिलं आणि तेव्हापासून '२१ फूट' हा आकडा पोलीस प्रशिक्षणात घर करून बसला. हा काही कायदा नव्हे, ढोबळ अंदाज आहे. पण त्याचा अर्थ नीट लक्षात घ्या. २१ फूट म्हणजे मध्यम आकाराच्या दोन खोल्यांची लांबी. वाटमारी करणारा "वेळ काय झाली?" म्हणून विचारतो तेव्हा तो हातभर अंतरावर असतो. आणि ट्युलर यांचा पोलीस तर उघड्या होल्स्टरमधून, समोरून येणारा माणूस बघत असताना, पिस्तूल काढत होता.

लुटारूच्या हातात आधीच पिस्तूल असेल तर हिशोब आणखी बिघडतो. त्याला फक्त बोट आवळायचं आहे. तुमचा हात कमरेकडे जाताना दिसला की त्याला पहिली शंका हीच येणार. म्हणून अमेरिकेतले पिस्तूल शिकवणारे प्रशिक्षक, जे स्वतः पिस्तूल बाळगण्याचे कट्टर समर्थक असतात, तेच शिष्यांना बजावतात: रोखलेल्या पिस्तुलासमोर आपलं काढायला जाऊ नका, आपली पाळी येईपर्यंत थांबा. पाळी म्हणजे त्याची नजर हटण्याचा क्षण. भाच्याच्या व्हिडिओत नेमकं तेच झालं होतं. लुटारूने पाठ फिरवली. ती त्याने फिरवली नसती तर तो व्हिडिओ वेगळा असता.

नेमाबद्दल एक आकडा सांगून पुढे जातो. न्यूयॉर्क पोलिसांच्या १९९८ ते २००६ या काळातल्या गोळीबारांचा हिशोब रँड या संशोधन संस्थेने काढला. समोरूनही गोळ्या येत असताना पोलिसांच्या १०० पैकी १८ गोळ्या लागल्या. समोरून गोळीबार नसताना ३०. हे पगारी, प्रशिक्षित लोक. हृदय धडधडत असतं, बोटं बधिर होतात, नजरेचा पल्ला नळीतून बघावं तसा आकसतो, आजूबाजूचे आवाज ऐकू येईनासे होतात. उरलेल्या ८२ गोळ्या कुठेतरी जातातच. वर्दळीच्या रस्त्यावर हा प्रश्न साधा नाही.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, म्हणजे उपयोग शून्य. तसंही नाही. आकडेवारीकडे गेलं की चित्र गुंतागुंतीचं होतं, आणि मला सगळ्यात जास्त रस याच भागात आला.

अमेरिकेत दरवर्षी एक मोठं सरकारी सर्वेक्षण होतं, ज्यात घरोघरी विचारतात की तुमच्याबाबतीत काही गुन्हा घडला का, घडला तर तुम्ही काय केलंत. डेव्हिड हेमनवे आणि सारा सोलनिक या अभ्यासकांनी त्यातली २००७ ते २०११ ची माहिती घेतली. पीडित स्वतः हजर होता अशा १४ हजारांहून जास्त घटना होत्या. त्यात पीडिताने बंदूक वापरली अशा घटना निघाल्या १२७. शंभरात एकही पूर्ण नाही. स्वतःला वाचवायला काहीतरी केल्यानंतर इजा झालेल्यांचं प्रमाण बघितलं: बंदूक वापरल्यावर ४.१ टक्के, कुठलाही बचाव धरला तर ४.२ टक्के. फरक नाही म्हटलं तरी चालेल. पळणं, ओरडणं, ढकलणं, पोलिसांना फोन करणं, सगळं त्या दुसऱ्या आकड्यात आलं.

मालाच्या बाबतीत मात्र फरक दिसतो. ऐवजासाठी झालेल्या गुन्ह्यांत काहीतरी बचाव करणाऱ्यांपैकी ५५.९ टक्के लोकांचा ऐवज गेला. बंदूक वापरणाऱ्यांपैकी ३८.५ टक्क्यांचा. म्हणजे पाकीट वाचायला बंदुकीचा हातभार लागतो, असं म्हणता येईल. पण त्याच तक्त्यात आणखी एक रकाना आहे: बंदूक सोडून दुसरं काही हत्यार वापरणारे. त्यांच्यात ऐवज गेलेले ३४.९ टक्के. काठी, चाकू, हाताला लागेल ते. हा रकाना दोन्ही बाजूंचे लोक वाचायचं विसरतात.

आता यातला सापळा. ज्या लोकांनी पिस्तूल काढलं ते कोण होते? ज्यांना काढायला वेळ मिळाला ते. ज्याच्या कानाला मागून नळी टेकली त्याने काढलंच नाही, म्हणून तो त्या रकान्यात नाही, जरी त्याच्या कमरेला पिस्तूल असलं तरी. पोहता येणारे किती वाचले हे मोजताना फक्त काठाजवळ पडलेले मोजावेत, तसं काहीसं हे होतं. त्यामुळे ४.१ चा आकडा पिस्तुलाला झुकतं माप देत असण्याची शक्यता बरीच आहे.

उलट बाजूलाही असाच एक आकडा आहे आणि तो तुम्ही अमेरिकेतल्या कुठल्याही बंदूकप्रेमी माणसाच्या तोंडून ऐकाल: वर्षाला २५ लाख. गॅरी क्लेक आणि मार्क गर्ट्झ यांनी १९९५ मध्ये छापलेल्या अभ्यासात, अमेरिकन लोक दरवर्षी सुमारे २५ लाख वेळा बंदुकीने स्वतःचा बचाव करतात, असा अंदाज होता. सरकारी सर्वेक्षणातून येणारा अंदाज एक लाखाच्या आसपास किंवा खालीच राहतो. इतकी तफावत कशी?

क्लेक-गर्ट्झ यांनी सुमारे ५,००० लोकांना फोन केले. गेल्या वर्षभरात बंदुकीने बचाव केला असं सांगणारे निघाले साधारण सव्वा टक्का, म्हणजे साठ-पासष्ट माणसं. त्या मूठभर माणसांवरून पूर्ण देशाचा आकडा काढला. समजा ५,००० पैकी फक्त एक टक्का लोकांनी फुशारकी मारली, दोन वर्षांपूर्वीची गोष्ट यंदाची म्हणून सांगितली, किंवा अंगणातल्या आवाजाकडे पिस्तूल रोखलं त्याला 'बचाव' म्हटलं, तर तेवढ्यानेच ५० खोटे होकार जमतात. दुर्मिळ गोष्टी मोजताना थोडी चूकही राईचा पर्वत करते. हेमनवे यांनी यावर मार्मिक उदाहरण दिलं होतं. १९९४ च्या एका फोनवरच्या जनमत चाचणीत दहा टक्के अमेरिकनांनी परग्रहावरचं यान बघितल्याचं सांगितलं, आणि त्यातल्याही काहींनी परग्रहवासीयांशी आपला संबंध आल्याचं. पूर्ण देशाला गुणलं तर दोन कोटी लोकांनी यान पाहिलं आणि दहा लाखांहून जास्त लोकांची परग्रहवासीयांशी गाठ पडली.

म्हणून २५ लाख हा आकडा मी बाजूला ठेवतो. पण सरकारी सर्वेक्षणही थोडं कमी मोजत असेल, हे मान्य करायला हवं. बेकायदा पिस्तूल बाळगणारा सरकारी माणसाला ते कशाला सांगेल?

फिलाडेल्फियात झालेल्या एका अभ्यासाचाही बराच गवगवा झाला. २००३ ते २००६ मध्ये गोळी लागलेले ६७७ जण आणि न लागलेले ६८४ जण यांची तुलना केली, तर ज्याच्याकडे बंदूक होती त्याला गोळी लागण्याची शक्यता सुमारे साडेचार पट निघाली. बंदूकविरोधक हा आकडा झेंड्यासारखा फडकवतात. मला तो तितका पटत नाही. धोक्याच्या वस्तीत राहणारा, कोणाशी वैर असलेला माणूसच बंदूक घेण्याची शक्यता जास्त. छत्री घेतलेले जास्त भिजतात असं निघालं तर दोष छत्रीचा का पावसाचा?

मग लुटारूंना भीती वाटते की नाही? वाटते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या जवळपास २,००० कैद्यांना विचारलं होतं. एक तृतीयांश कैद्यांनी सांगितलं की सशस्त्र पीडिताने त्यांना कधी ना कधी पळवून लावलं, त्यांच्यावर गोळी झाडली, जखमी केलं किंवा पकडून दिलं. समोरच्याकडे हत्यार असेल या शंकेने निदान एकदा बेत सोडला असं ४० टक्क्यांनी सांगितलं. पिस्तुलाच्या बाजूने मला सापडलेला हा सगळ्यात दमदार पुरावा.

पण त्यात 'झाकलेलं' हा शब्द टाकून बघा. आपल्याकडे झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथे हिशोब उलटा बसतो. मूठ झाकलेली असल्यामुळेच तुम्हाला हेरणारा लुटारू बिचकत नाही, कारण त्याला काही दिसतच नाही. फायदा झालाच तर पूर्ण शहराला मिळून व्हायचा: कोणाकडे आहे कळत नाही म्हणून सगळेच चोर दबकून राहतील. अर्थतज्ज्ञ जॉन लॉट यांनी १९९० च्या दशकात हाच युक्तिवाद आकड्यांनिशी मांडला. २००४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने तपासून सांगितलं की या पुराव्यावरून इकडेही निष्कर्ष निघत नाही आणि तिकडेही. नंतर जॉन डोनोह्यू आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये जास्त वर्षांची माहिती वापरली. पिस्तूल बाळगणं सोपं करणाऱ्या राज्यांत दहा वर्षांनी हिंसक गुन्हे, तसा कायदा नसता तर जितके झाले असते त्याहून १३ ते १५ टक्के जास्त, असा त्यांचा अंदाज आला. गाड्यांमध्ये ठेवलेली पिस्तुलं चोरीला जातात आणि शेवटी लुटारूंच्याच हातात पोचतात, हेही त्यामागचं एक कारण सांगितलं जातं.

शिवाय सगळे लुटारू पिस्तूलवाले नसतात. एफबीआयच्या हिशोबात २०१९ मध्ये अमेरिकेत सुमारे २ लाख ६८ हजार जबरी चोऱ्या झाल्या. एक तृतीयांशाहून थोड्या जास्त घटनांमध्ये बंदूक होती, आणि त्याहून जास्त घटना नुसत्या हातघाईच्या, दमदाटीच्या. बंदूक रोखलेली असते तेव्हा लोक निमूट पाकीट देतात आणि इजा कमी होते, पण झालीच तर जिवावर बेतते. हातघाईत धक्काबुक्की जास्त, मरण कमी.

यातून एक विचित्र गोष्ट निघते. जिथे पिस्तूल काढायला तुम्हाला खरोखर वेळ मिळतो, तिथे समोरच्याकडे बहुतेकदा पिस्तूल नसतं. आणि तिथेच कायदा तुम्हाला सगळ्यात अवघड प्रश्न विचारतो.

२२ डिसेंबर १९८४ ला न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत हेच झालं. बर्नहार्ड गेट्झ नावाच्या माणसाला १९८१ मध्ये लुटारूंनी मारहाण केली होती. त्याने परवाना मागितला, तो नाकारला गेला, तरी तो जॅकेटखाली .३८ चं रिव्हॉल्व्हर घेऊन फिरू लागला. त्या शनिवारी डब्यात चार कृष्णवर्णीय पोरांनी त्याच्याकडे पाच डॉलर मागितले. त्याने पाच गोळ्या झाडल्या. चौघंही जखमी झाले, एक कायमचा पंगू झाला. पोरांकडे बंदूक नव्हती. त्यांच्यापैकी काहींच्या खिशात स्क्रू ड्रायव्हर सापडले. गेट्झ पळाला आणि नऊ दिवसांनी दुसऱ्या राज्यात पोलिसांत हजर झाला. अर्ध्या शहराने त्याला डोक्यावर घेतलं, अर्ध्याने वंशद्वेष्टा म्हटलं.

१९८७ मध्ये ज्यूरीने त्याला खुनाच्या प्रयत्नातून सोडलं, बेकायदा हत्यारासाठी दोषी ठरवलं. आठेक महिने तुरुंगात काढले. इथे गोष्ट संपली असं वाटतं. पण १९९६ मध्ये पंगू झालेल्या मुलाच्या दिवाणी दाव्यात दुसऱ्या ज्यूरीने त्याला ४ कोटी ३० लाख डॉलर भरपाई द्यायला लावली आणि त्याने दिवाळं जाहीर केलं. मागणी पाच डॉलरची होती.

ह्यूस्टनच्या त्या गिऱ्हाइकाचं काय झालं? मेलेल्या लुटारूचं पिस्तूल खोटं निघालं. शेवटची गोळी तो जमिनीवर पडलेला असताना जवळून झाडलेली व्हिडिओत दिसते. प्रकरण ग्रँड ज्यूरीपुढे (खटला चालवायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे) गेलं, पाचेक महिन्यांनी त्यांनी आरोप ठेवायला नकार दिला. टेक्सासचा कायदा जबरी चोरी थांबवायला प्राणघातक बळ वापरू देतो. गेट्झचं प्रकरण दिवाणी दाव्यापर्यंत बारा वर्षं चाललं, या गिऱ्हाइकाचं पाच महिन्यांत मिटलं. राज्य, काळ आणि ज्यूरी बदलली की निकाल बदलतो.

आणखी एक धोका सहसा कोणाच्या डोक्यात नसतो. पोलीस येतात तेव्हा त्यांना फक्त हातात बंदूक असलेला माणूस दिसतो. जून २०२१ मध्ये कोलोरॅडोतल्या आर्वाडा शहरात एका बंदूकधाऱ्याने पोलिसाला ठार केलं. तिथल्या एका नागरिकाने कमरेचं पिस्तूल काढून त्या हल्लेखोराला टिपलं आणि त्याची रायफल उचलली. तेवढ्यात पोहोचलेल्या पोलिसाने या नागरिकालाच गोळी घातली. तो मेला.

भाच्याला मी हे सगळं तुकड्यातुकड्याने पाठवलं. माझं मत त्याला सांगितलं तेच इथे: लुटारूला फक्त पाकीट हवं असेल तर पिस्तूल फारसं कामाचं नाही. खिशात वीस डॉलर आणि बंद पडलेली कार्डं घातलेलं दुसरं पाकीट ठेवावं, ते त्याच्यापासून लांब फेकावं आणि उलट्या दिशेने पळावं, हा प्रशिक्षकांचाच सल्ला. पिस्तुलाला खरा अर्थ येतो तो पाकीट दिल्यावरही समोरचा थांबत नाही तेव्हा: गाडीत कोंबू लागला, मारतच सुटला, बायको-मुलाकडे वळला. असे प्रसंग कमी, पण घडतात, आणि त्यासाठी महिनोन् महिने सराव करायची तयारी असलेल्या माणसाला मी वेडा म्हणणार नाही.

त्याचं उत्तर आलं: "बरं. पण इथे समीर राहायला आलाय, त्याचं काय?"

समीर हा त्याचा चुलत भाऊ, एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर एमएस करतोय. अमेरिकेतल्या मराठी पोरांनी हे नीट वाचावं. एफ-१ किंवा एच-१बी सारख्या व्हिसावर असलेल्या माणसाला तिथल्या केंद्रीय कायद्याने बंदूकच काय, काडतूससुद्धा बाळगता येत नाही. शिकारीचा वैध परवाना असण्यासारखे मोजके अपवाद आहेत. राज्याने परवान्याची अट काढली म्हणून या केंद्रीय कायद्यातून सुटका होत नाही, आणि शिक्षा १५ वर्षांपर्यंत आहे. बाळगणं म्हणजे कमरेला लावणंच नव्हे. सामाईक घरात पिस्तूल आहे, ते त्याला माहीत आहे आणि मनात आणलं तर त्याच्या ताब्यात येऊ शकतं, एवढ्यावरही तो अडकू शकतो.

म्हणजे भाच्याने घेतलं तर ते तिजोरीत, आणि तिजोरीचा नंबर समीरला माहीत नसलेला. मी त्याला आधी वकिलाला विचारायला सांगितलं आहे. समीरचं शिक्षण मे महिन्यात संपतंय.